पडदा काळा का झाला?

समजा, तुमची आपा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकत आहे. आरेखक म्हणजे इमारतींचे नकाशे काढणारा कारागीर. नकाशा हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. तुमच्या उर्दूतला 'नक्शा' मराठीत येऊन 'नकाशा' झाला आहे. पूर्वी असे नकाशे मोठ्या फळीवर कागद ताणून, पट्टी आणि पेन्सिल घेऊन काढत असत. आता ते संगणकावर काढतात. त्यासाठी ऑटोकॅड नावाचे सॉफ्टवेअर १९८२ पासून प्रसिद्ध आहे. तुमच्या आपाने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, पैसे साठवले आणि एक जुना लॅपटॉप विकत घेतला. त्यावर ती रोज आरेखनाचा सराव करते.

उद्या सकाळी तिला दोन मजली घराचा नकाशा संस्थेत द्यायचा आहे. रात्रीचे दहा वाजले आहेत. घर चारी बाजूंनी कसे दिसते ते पाहण्यासाठी तिने चित्र फिरवले. एवढ्यात पडदा काळा झाला. दोन-तीन क्षणांनी उजेड परत आला, पण ऑटोकॅड बंद पडले होते. तिने ते पुन्हा सुरू केले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी 'फेटल एरर' अशी पाटी आली. फेटल म्हणजे जीवघेणी आणि एरर म्हणजे चूक. हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना असे भारी शब्द वापरण्याची हौस असते.

आता घरात सल्ले सुरू होतात. अब्बा म्हणतात, "बेटी, ते सॉफ्टवेअर काढून टाक आणि नव्याने घाल." भाईजान म्हणतात, "यात व्हायरस शिरला आहे." चौकातले दुकानदार फोनवर दोन वाक्ये ऐकूनच सांगतात, "मदरबोर्ड गेला. बदलावा लागेल." मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपमधील मुख्य पट्टी. जुन्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलायचा, तर कधी कधी त्या लॅपटॉपच्या किमतीएवढाच खर्च येतो. आपाच्या वर्षभराच्या शिकवण्यांचे पैसे त्यात जातील. मग कोणाचे खरे मानायचे?

आताच कोणाचेही नाही. हकीम नाडी न पाहता दवा देत नाहीत. आजार कोणता आहे ते ओळखण्याला मराठीत 'निदान' म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला तशखीस म्हणता. आधी निदान करायचे आणि मग इलाज ठरवायचा. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम आहे.

मात्र निदानाच्याही आधी एक काम करावे लागते. घराला आग लागली, तर आपण आधी माणसे बाहेर काढतो. आग का लागली ते नंतर शोधतो. तसेच येथे आधी केलेले काम वाचवायचे. ऑटोकॅड दर दहा मिनिटांनी चित्राची एक प्रत आपोआप ठेवत असते. तुम्ही प्रोग्रॅम नीट बंद केला, की ती प्रत पुसली जाते. प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर ती तशीच राहते. ऑटोकॅड पुन्हा उघडल्यावर बाजूला एक यादी दिसते. तिचे नाव ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर. त्या यादीत मूळ चित्र आणि त्याच्या वाचलेल्या प्रती असतात. याशिवाय मूळ चित्राच्या शेजारी त्याच नावाची, पण शेवटी 'बॅक' अशी खूण असलेली एक फाइल असते. तिच्यात मागच्या वेळी जतन केलेले चित्र असते. या सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि मगच मूळ फाइल उघडावी. घाईघाईने अर्धवट चित्र त्याच नावाने जतन केले, तर चांगली प्रत हातची जाते. आपाने हे केले. तिचे नऊ मिनिटांचे काम गेले, बाकी सगळे वाचले.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. त्याच लॅपटॉपवर आपा पत्रे लिहिते, उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवते, चित्रफिती पाहते. तेव्हा पडदा कधी काळा होत नाही. मग नकाशा फिरवतानाच तो का होतो?

याचे उत्तर मिळण्यासाठी पडद्यावर चित्र कसे उमटते ते पाहू. लॅपटॉपचा पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. बहुतेक लॅपटॉपचा पडदा हे ठिपके एका सेकंदात ६० वेळा नव्याने दाखवतो. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपके! पत्र लिहिताना त्यांतले फार थोडे बदलतात. पण घराचे चित्र फिरवताना भिंत, जिना, खिडकी अशी प्रत्येक वस्तू लहान लहान त्रिकोणांत विभागलेली असते. चित्र जरासे फिरले, की प्रत्येक त्रिकोणाची जागा आणि त्यावरचा उजेड यांचे गणित पुन्हा करावे लागते.

हे गणित संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला एकट्याला झेपत नाही. तो फार हुशार कारागीर आहे, पण त्याचे हात मोजके. म्हणून हे काम वेगळ्या चिपकडे दिलेले असते. तिच्यात साधे काम करणारे शेकडो, कधी कधी हजारो भाग एकाच वेळी राबत असतात. तुम्ही मालेगावचे किंवा भिवंडीचे असाल, तर यंत्रमागांचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. एक निष्णात विणकर आणि ओळीने खडखडणारे माग यांत जो फरक, तोच येथे आहे. या चिपला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. बोलताना लोक तिलाच ग्राफिक्स कार्ड म्हणतात.

'कार्ड' हा शब्द मोठ्या संगणकांमुळे रूढ झाला. मेजावरच्या संगणकात ते खरोखरच एक वेगळे कार्ड असते. ते खाचेतून काढता येते आणि दुसरे बसवता येते. लॅपटॉपमध्ये मात्र ही चिप बहुधा मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की बसवलेली असते. म्हणून लॅपटॉपची चिप खरोखर बिघडली, तर दुकानदार सगळा मदरबोर्ड बदलायला सांगतात. त्यांचे हे म्हणणे खोटे नसते. पण चिप बिघडली आहे हे आधी ठरले पाहिजे. आपाच्या बाबतीत ते अजून कोणी पाहिलेलेच नाही.

आणखी एक गोष्ट. आरेखनासाठी घेतलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये एक नव्हे, दोन ग्राफिक्स चिपा असतात. एक मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असते. ती वीज कमी खाते आणि संगणकाचीच मेमरी वापरते. दुसरी स्वतंत्र असते. तिची मेमरी वेगळी, ताकद जास्त आणि उष्णताही जास्त. कोणत्या कामासाठी कोणती चिप वापरायची ते लॅपटॉप आपोआप ठरवतो. एनव्हिडिया या कंपनीने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने अशी सोय आणली. वीज वाचते, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा, की काम नेमके कोण करत आहे ते वापरणाऱ्याला दिसत नाही.

प्रोग्रॅम आणि ही चिप एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघांमध्ये एक दुभाषा असतो. दोन भाषा जाणून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून देणारा तो दुभाषा, उर्दूत तर्जुमान. संगणकातल्या या दुभाषाला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हाही एक प्रोग्रॅमच आहे. तो चिप बनवणारी कंपनी लिहिते आणि वेळोवेळी बदलते. दुभाषा चुकला, तर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही शहाणे असूनही भांडण होते. तुम्ही घरी एक भाषा बोलता आणि या तासाला दुसरी शिकता, तेव्हा हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

आता त्या काळ्या पडद्याकडे पुन्हा पाहू. विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली ग्राफिक्स चिपवर सतत लक्ष ठेवून असते. दिलेले काम चिपने दोन सेकंदांत पुढे सरकवले नाही, तर ती अडकली असे समजून विंडोज तिला आणि तिच्या ड्रायव्हरला नव्याने सुरू करते. ही व्यवस्था २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून आहे. त्या क्षणी पडदा काळा होतो आणि परत उजळतो. चिपच्या मेमरीत ठेवलेले चित्र तेवढ्यात नाहीसे होते. काही प्रोग्रॅम ते पुन्हा मांडून काम पुढे चालू ठेवतात. काहींना ते जमत नाही आणि ते बंद पडतात. एका मिनिटात असा प्रकार पाचाहून अधिक वेळा घडला, तर विंडोज हात टेकते आणि निळा पडदा दाखवून थांबते.

म्हणजे पडदा काळा होऊन परत उजळला, ही आपाला मिळालेली पहिली खूण आहे. तिची खात्रीही करून घेता येते. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' असा शब्द लिहिला, की रिलायबिलिटी हिस्टरी नावाचे पान उघडते. त्यात कोणत्या दिवशी काय बंद पडले ते तारीखवार, लाल फुल्यांसह दिसते. इव्हेंट व्ह्युअर या दुसऱ्या नोंदवहीत डिस्प्ले या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, तर ड्रायव्हर थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला, असा तिचा अर्थ. आपाला अशा सहा नोंदी सापडल्या. सगळ्या त्याच आठवड्यातल्या होत्या. त्याआधी एकही नव्हती. या तारखा तिने वहीत लिहून घेतल्या.

ही वही फार महत्त्वाची आहे, बरे का! एका वेळी एकच बदल करायचा, परिणाम पाहायचा आणि लिहून ठेवायचा. चार बदल एकदम केले आणि बिघाड थांबला, तर कोणत्या बदलामुळे थांबला ते कळत नाही. मग पुढच्या महिन्यात तो परत आला, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिला संशय चित्राच्या फाइलवर घ्यावा, कारण तो तपासायला पैसा लागत नाही. आपाने एक नवे, रिकामे चित्र उघडले. त्यात चार-पाच पेट्या काढल्या आणि त्या फिरवल्या. सहा मिनिटांनी पडदा पुन्हा काळा झाला. म्हणजे घराच्या नकाशाचा दोष नव्हता. फक्त तेच एक चित्र उघडल्यावर बिघाड झाला असता, तर ऑटोकॅडच्या 'रिकव्हर' आणि 'ऑडिट' या आज्ञा वापरून फाइल दुरुस्त करावी लागली असती. येथे आणखी एक सांगितले पाहिजे. काही जण सॉफ्टवेअरची फोडलेली, चोरीची प्रत वापरतात. अशा प्रतीत कोणी काय बदलले आहे ते कळत नाही, त्यामुळे निदानाचा पायाच डळमळतो. ऑटोकॅडची कंपनी पात्र शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी ते मोफत देते. मग चोरीची प्रत हवीच कशाला?

दुसरी कसोटी सर्वांत उपयोगी आहे. म्हणून ती नीट समजून घ्या. आरेखनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स चिपची मदत बंद करण्याची सोय असते. या मदतीला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. ऑटोकॅडमध्ये 'ग्राफिक्सकॉन्फिग' ही आज्ञा मध्ये जागा न सोडता लिहिली, की एक चौकट उघडते. तिच्यात हे बटण आहे. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्स या पानावर 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' असे लिहिलेले असते. त्यापुढची खूण काढायची. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि तेच काम करून पाहायचे.

आता विचार करा. ही मदत बंद केल्यावरही प्रोग्रॅम तसाच कोसळला, तर चिप बहुधा निर्दोष आहे. दोष सॉफ्टवेअरमध्ये, फाइलमध्ये किंवा संगणकाच्या मेमरीत शोधावा. याउलट कोसळणे थांबले, तर सॉफ्टवेअर आणि फाइल यांची सुटका झाली. दोष चिपकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. पण त्या वाटेवर कोठे? दुभाषा चुकतो आहे, चिप तापते आहे, की ती खरोखर निकामी होत आहे? एवढे ही कसोटी सांगत नाही. पुष्कळ लोक येथेच थांबतात. ते मदत कायमची बंद ठेवतात आणि संगणक मंद झाला म्हणून कुरकुरत राहतात. चाकात काटा रुतला म्हणून सायकल हातात धरून चालत नेण्यासारखेच हे आहे. एखादे दिवशी ठीक, रोज कसे चालेल?

आपासाठी मात्र तो 'एखादा दिवस' आजच होता. मदत बंद केल्यावर चित्र अडखळत फिरू लागले, पण पडदा काळा झाला नाही. रात्री एक वाजता नकाशा पूर्ण झाला. सकाळी तो संस्थेत पोहोचला. उरलेला तपास तिने रविवारवर टाकला.

रविवारी तिने ड्रायव्हरकडे पाहिले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स या शब्दांखाली दोन नावे होती. म्हणजे लॅपटॉपमध्ये दोन चिपा होत्या. मदत पुन्हा सुरू करून तिने आधी काम छोट्या चिपकडे दिले. त्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स असे जावे लागते. तेथे प्रोग्रॅम निवडून 'पॉवर सेव्हिंग' किंवा 'हाय परफॉर्मन्स' यांतला एक पर्याय घ्यायचा. पहिला पर्याय छोट्या चिपचा, दुसरा मोठ्या चिपचा. छोट्या चिपवर तासभर काहीच बिघडले नाही. वहीत एक ओळ वाढली : संशय मोठ्या चिपवर. कोणाकोणाच्या लॅपटॉपमध्ये याच्या नेमके उलट घडते. प्रोग्रॅम चुकून छोट्या चिपवर चालतो, ती पुरी पडत नाही, आणि मोठी शेजारी स्वस्थ बसून असते. अशा वेळी 'हाय परफॉर्मन्स' निवडले, की काम भागते.

मग तिने मोठ्या चिपच्या ड्रायव्हरची तारीख पाहिली. तो नवा होता, आणि बिघाड सुरू झाला त्याच आठवड्यात विंडोजने तो आपोआप बसवला होता. ड्रायव्हरच्या त्याच पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असे बटण असते. ते दाबले, की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिके दिसत असेल, तर जुनी प्रत शिल्लक नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या पाठीवरील चिठ्ठीवर मॉडेलचा क्रमांक पाहावा आणि लॅपटॉपच्या कंपनीकडून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात नवे करू' असे सांगणारे फुकट प्रोग्रॅम पुष्कळ मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. नवा तो चांगलाच, असे ड्रायव्हरच्या बाबतीत म्हणता येत नाही. खेळांसाठी घाईने काढलेला ड्रायव्हर आरेखनाला सोसेलच असे नाही. हे ओळखून एनव्हिडियाने २०१९ पासून चित्रकला, चित्रफिती आणि आरेखन यांसाठी स्टुडिओ नावाचे वेगळे ड्रायव्हर देणे सुरू केले.

येथे एका सल्ल्यापासून तुम्हाला सावध करतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून ते दोन सेकंद आठ किंवा दहा करा, असे सांगणारे लोक भेटतात. ती सोय चाचणी घेणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ठेवलेली आहे. चिप अडकतच असेल, तर आपण फक्त काळ्या पडद्याऐवजी गोठलेल्या पडद्याकडे जास्त वेळ पाहत बसू. पडदा गोठलाच, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहा. एक बारीक आवाज होतो आणि विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू करते. कधी कधी एवढ्यानेच उघडे काम जतन करण्याची संधी मिळते.

जुना ड्रायव्हर परत आणल्यावर काय झाले? आधी पाच मिनिटांत बंद पडणारे ऑटोकॅड आता चाळीस मिनिटे चालले. मग पडदा काळा झाला. भाईजान म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो!" आपाने मात्र वहीत लिहिले : पाच मिनिटांची चाळीस झाली. सुधारणा आहे, पण पुरी नाही. एकाच बिघाडाला दोन कारणे असू शकतात. एक दूर केले, की दुसरे दिसू लागते.

चाळीस मिनिटे थांबून येणारा बिघाड म्हटला, की उष्णतेचा विचार करावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या पानावर स्वतंत्र ग्राफिक्स चिपचे तापमान दिसते. कामात असताना ७० ते ८० अंश सेल्सिअस ही लॅपटॉपसाठी नवलाची गोष्ट नाही. आपाच्या चिपचे तापमान अर्ध्या तासात ९३ झाले. पंखा मोठ्याने घुमत होता, पण बाजूच्या जाळीतून वारा जेमतेम येत होता. ती लॅपटॉप गादीवर ठेवून काम करत असे. गादीमुळे खालची हवेची भोके बंद होतात. त्यातच गल्लीत यंत्रमाग. कापसाचा तंतू हवेत उडतो आणि पंख्यापुढच्या बारीक पट्ट्यांवर बसून नमद्यासारखा थर तयार करतो. गरम हवेला बाहेर जायला वाटच उरत नाही.

तरीही चिप निकामी झाली नाही ना, हे पाहायचे राहिले होते. निकामी होणारी चिप आपल्या खुणा दाखवते. पडद्यावर रंगीत रेघा, चौकोनी डाग, फाटल्यासारखे चित्र दिसू लागते, आणि तेही नुसते पत्र लिहिताना. लॅपटॉप सुरू करताना, विंडोज येण्याच्याही आधी, कंपनीच्या चिन्हावरच रेघा दिसल्या, तर ड्रायव्हरला दोष देता येत नाही, कारण तो अजून कामावर आलेलाच नसतो. मग चिप किंवा पडदा, यांपैकी कोण? दुसरा पडदा तारेने जोडून पाहावा. तेथेही रेघा असतील, तर चिप. रेघा फक्त लॅपटॉपच्याच पडद्यावर असतील, तर बहुधा पडदा किंवा त्याची तार. आणि ती दुरुस्ती मदरबोर्डपेक्षा स्वस्त पडते.

चिपा खरोखर बिघडतात, हे मोठ्या कंपन्यांनीही मान्य केले आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले, की लॅपटॉपसाठी बनवलेल्या आधीच्या काही चिपांच्या बांधणीत कमजोर साहित्य वापरले गेले आणि त्या नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत. दुरुस्तीच्या खर्चासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. लॅपटॉप सुरू केला, की चिप तापते. बंद केला, की निवते. प्रत्येक वेळी ती किंचित फुगते आणि आकसते. हजारो वेळा असे झाले, की बारीक जोडांना तडे जातात. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये अ‍ॅपल कंपनीनेही २०११ ते २०१३ या काळात विकलेल्या काही मॅकबुक प्रो लॅपटॉपची, चित्र बिघडण्याच्या दोषासाठी, विनामूल्य दुरुस्ती सुरू केली. तेव्हा आपल्या मॉडेलसाठी कंपनीने अशी काही घोषणा केली आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून पाहावे. काही दुकानांत चिपला गरम हवेचा झोत देऊन 'दुरुस्त' करतात. तडा गेलेला जोड क्षणभर जुळतो आणि चित्र परत येते. पण असा इलाज पुष्कळदा काही आठवडेच टिकतो. तो करून घ्यायचाच असेल, तर किती दिवसांची हमी ते पावतीवर लिहून घ्यावे.

आपाच्या पडद्यावर एकही रेघ नव्हती. सोमवारी ती वही घेऊन चौकातल्या दुकानात गेली.

"चाचा, मदरबोर्ड बदलायच्या आधी हे जरा पाहा," ती म्हणाली. "ग्राफिक्सची मदत बंद केली, की बिघाड होत नाही. जुना ड्रायव्हर घातल्यावर पाच मिनिटांची चाळीस मिनिटे झाली. चाळीस मिनिटांनी तापमान ९३ होते. रेघा किंवा डाग कधी दिसले नाहीत."

चाचांनी चष्मा लावून वही वाचली. मग लॅपटॉप उलटा केला आणि बारीक पेचकस घेतला. झाकण निघाल्यावर पंख्यापुढे करड्या रंगाची लादीच बसलेली दिसली. त्यांनी ती चिमट्याने ओढून काढली, पंखा साफ केला, चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. काही शे रुपयांत काम झाले.

घरी आल्यावर आपाने लॅपटॉप गादीऐवजी लाकडी पाटावर ठेवला आणि घराचे तेच चित्र उघडले. तीन तास काम केले. तापमान ७८ च्या वर गेले नाही. विंडोजने तोच नवा ड्रायव्हर पुन्हा आणून बसवला, तर काय करायचे ते तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. मग सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोकॅडसमोर पुन्हा 'हाय परफॉर्मन्स' हाच पर्याय आहे ना, एवढे पाहून घेतले आणि जिन्याच्या पायऱ्या काढायला बसली.